पदवीधर मतदारसंघात मत देण्यासाठी वेगळी नोंदणी लागते का?

हो, लागते. विधानसभेच्या यादीतले नाव इथे चालत नाही. पदवीधरांची यादी दर निवडणुकीआधी नव्याने तयार होते, म्हणून मागच्या वेळचे नावही आपोआप पुढे येत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते, आणि कळते ते मतदानाच्या दिवशी! नमुना १८ भरा, पदवीची साक्षांकित प्रत जोडा. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी (म्हणजे पात्रता मोजण्याच्या तारखेपूर्वी) पदवी मिळून किमान ३ वर्षे झालेली हवीत.

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या आहेत. मतदान कागदी मतपत्रिकेवर होते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेननेच पहिल्या पसंतीसमोर १ लिहा, पुढच्या पसंत्या ऐच्छिक. अक्षरी ‘एक’ लिहिले, नुसती टिकमार्क केली किंवा दोघांसमोर १ लिहिला, की मत बाद.