आधी धार, मग बाकीचं

अरे, तुझा मेसेज वाचला. दहावीत विषय उडाले, बाबांशी बोलणं बंद, मारामारीमुळे गावात नाव खराब, आणि आता पुण्याला मॉड्युलर किचनवाल्याकडे कामाला जाऊ का म्हणून विचारतोस. ते बघू नंतर. तू केलेलं फणसाच्या लाकडाचं स्टूल नीट बघितलंस का स्वतः? कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, नुसता हाताने दाबून बसला, मोगरी लागलीच नाही, माझ्याकडे वर्षानुवर्षं राहिलेल्या पोरांना हे जमलं नव्हतं. पण वरच्या फळीवर ढलप्या उपटल्यात आणि तू पॉलिश पेपर घासून त्या लपवल्यास. दिसतं मला. फणसाची रेघ मध्येच उलटी फिरते, तिथे बोथट रंधा चालत नाही म्हणजे नाही.

म्हणून धार. रोज, कामाला हात लावायच्या आधी. पटाशी 25 अंशांवर घासायची, टोकाला 30 वर दगडावर फिरवायची, मागची बाजू एकदम सपाट, मागे बारीक कंगोरा आला की तोही काढायचा. मग लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकावर मारून बघ, चकचकीत कापलं तर धार आहे, चुरा पडला तर परत दगडावर. कंटाळा येतो म्हणे! येऊ दे की. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकून दुसऱ्या हातात घुसते, हे किती वेळा सांगू.

मी धार लावत बसलो आणि गिऱ्हाईकं गेली असं लोक बोलतात. गेली, खरंय. प्लायला सनमायका चिकटवून चार दिवसांत कपाट देणारे आले, मी नाही दिलं. पण माझी दारं पावसाळ्यात अडकत नाहीत, कारण लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाहीच, म्हणून मधली फळी मी खाचेत मोकळी सोडतो, तिला फेविकॉल लावत नाही. त्याला वेळ लागतो. लागणारच! हट्टी म्हणा हवं तर. एक मात्र राहिलं, कुठल्या कामाला किती तास गेले ते कधी लिहिलं नाही, त्यामुळे भाव सांगताना तोंडच उघडायचं नाही. तू वही घाल, आजपासून.

पुण्याला जायचं तर जा बाबा, पगार लगेच मिळेल, बोर्ड कापशील, बिजागऱ्या लावशील, पण तिथे पातं बोथट झालं की बदलतात, धार कोण शिकवणार तुला? आयटीआयचा कारपेंटर ट्रेड आठवी पासवर मिळतो, एकच वर्षाचा आहे, दहावी गेली म्हणून दार बंद झालेलं नाही. संध्याकाळी माझ्याकडे ये. राग घेऊन आलास तरी चालेल, फक्त तेव्हा करवतीला हात लावायचा नाही, आधी दगड.

आणि हो, ॲडमिशनला शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो आणायला तू जायचंस, आईला पाठवायचं नाही.