पोलिसात भरती झाल्यावर माणूस समाजापासून तुटतो का?

भरती झाल्यापासून तुमचा धाकटा भाऊ घरात कमी बोलतो, लग्नकार्याला येत नाही आणि जुन्या मित्रांकडेही संशयाने पाहतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचा स्वभावच बदलला का, असे विचारले आहे. मी पोलीस वसाहतीत वाढलो आणि पुढे मानसशास्त्र शिकवले. माझे मत असे की, स्वभावाला दोष देण्याआधी त्याच्या ड्युटीचे तास मोजावेत.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस सदैव कामावर असल्याचे मानले जाते. कॉमन कॉज व लोकनीती या अभ्यास करणाऱ्या संस्थांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालात पोलिसांचे काम दिवसाला सरासरी १४ तास भरल्याचे आणि जवळपास निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीच मिळत नसल्याचे आढळले. त्यातही गणेशोत्सव, दिवाळी, ३१ डिसेंबर या दिवशी, म्हणजे बाकीची माणसे एकत्र येतात नेमके तेव्हाच, पोलीस बंदोबस्तावर असतो. अशी काही वर्षे गेली की आमंत्रणेही येईनाशी होतात, आणि मग त्याचे सारे जग खात्यातल्या सहकाऱ्यांपुरते उरते.

संशयाचे मूळ कामात आहे. ठाण्यात येणारा माणूस बहुधा संकटात तरी असतो किंवा काही लपवत तरी असतो, त्यामुळे प्रत्येक बोलणे पडताळून पाहण्याची सवय जडते, आणि गणवेश उतरवला तरी ती उतरत नाही. याहून घातक मला वाटते ते भावना गिळणे. अपघातात दगावलेल्या मुलाचा पंचनामा करून लगेच पुढच्या कामाला लागायचे, वरिष्ठांचे बोलणे आणि लोकांच्या शिव्या मुकाट्याने ऐकायच्या, आणि हे कोणापाशी बोलावे तर ‘कच्चा आहे’ असा शिक्का बसण्याची भीती. अशा माणसाचे मन कोरडे पडते, आणि दाबलेला राग घरच्यांवर निघतो. हा निर्दयपणा नव्हे, थकवा आहे.

परिस्थिती बदलता येते, हे मुंबईत दिसले आहे. देवनार पोलीस ठाण्यातील एका शिपायाने मांडलेली आठ तासांच्या पाळीची योजना तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी २०१६ मध्ये तेथेच राबवून पाहिली आणि पुढे ती शहरातील इतर ठाण्यांतही नेली. हा निर्णय शिपायाच्या सूचनेतून आला, याचे मला विशेष मोल वाटते.

तुम्ही एवढे करावे: तो घरी आल्यावर गुन्ह्यांच्या चौकश्या करू नयेत, आधी त्याला झोपू द्यावे, आणि कार्यक्रमाची वेळ शक्य तेव्हा त्याच्या सुट्टीप्रमाणे ठरवावी. क्रिकेटचा संघ असो वा भजनी मंडळ, खात्याबाहेरच्या चार माणसांत त्याची ऊठबस राहिली पाहिजे. मात्र अनेक आठवडे झोप लागत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलत असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, आणि तेथे तुम्ही स्वतःही विचारू शकता.