मराठवाड्यात जंगल आणि पाणथळ दोन्ही लागतील असा मध्यम लूप ट्रेक कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की लातूरहून चौघं निघणार, त्यातले दोघं पन्नाशी ओलांडलेले. दहा-बारा किलोमीटर चालायचंय, गेलो त्याच वाटेने परत यायचं नाही आणि वाटेत जंगलही हवं, पाणीही. मी गौताळा सुचवेन. पण आधी महिना ठरवा, मग वाट. आपल्याकडची एकच वाट ऑगस्टमध्ये, डिसेंबरात आणि मार्चमध्ये पार वेगवेगळी असते, आणि ट्रेक फसतो तो बहुतेक वेळा अंतरामुळे नाही, चुकीच्या महिन्यामुळे.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य कन्नडजवळ, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांत आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर, त्यातला काही भाग खाली जळगाव जिल्ह्यात उतरतो. साग, सालई, धावडा, पळस, अंजन असं कोरडं पानगळीचं रान, मधे चंदन नाल्यासारखे ओढे आणि आत गौताळा तलाव. गौतम ऋषींनी इथे तप केलं अशी श्रद्धा आहे, त्यांचं मंदिरही तिथे आहे. म्हणजे तुम्हाला हवं ते सगळं एका दिवसाच्या टप्प्यात बसतं.

पावसाळ्यात हिरवाईचा मोह होईल, पण वयाने मोठी माणसं सोबत असताना मी टाळेन. हे पठार काळ्या खडकाचं, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, धावतं. वरच्या बाजूला तासभर झोडपलं की पायाखालून ओलांडलेला नाला परतताना कमरेएवढा भेटतो. सरळ जाऊन परत यायचं असेल तर अलीकडे थांबून मागे फिरता येतं; लूपमध्ये नाला शेवटच्या टप्प्यात आडवा आला तर पंचाईत. पावसाळ्यातच जायचं असेल तर ओढे ओलांडायचं काम पहिल्या तासात उरकेल अशी वाट निवडा, आणि निघण्याआधी कन्नडचा घाटरस्ता सुरू आहे का ते विचारा. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. मार्चपासून उलटं: पानं झडलेली, सावली नाही. पळस मात्र तेव्हाच फुललेला असतो, त्यासाठी जाणार असाल तर चार-पाच किलोमीटरवर थांबा.

तुमच्यासाठी डिसेंबर. आदल्या रात्री कन्नडला किंवा छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करा, म्हणजे सकाळ हातात राहील. वनखात्याच्या नाक्यावर परवानगी आणि शुल्काचं आटोपा, नेमकी वाट तिथल्या वनरक्षकाला विचारूनच पक्की करा आणि गावातला वाटाड्या घ्या. मोबाइलच्या नकाशावर रेघ दिसते म्हणून अभयारण्यात तिथून चालायला मुभा असतेच असं नाही. हा बिबट्या-अस्वलाचा मुलूख आहे. उजाडल्यावर आत, दिवस कलायच्या आधी बाहेर.

आता लूपची दिशा. तलाव सकाळीच घ्या, आणि जमेल तितकं पूर्वेच्या काठावर बसा. ऊन पाठीशी राहतं, समोरचं पाणी उजळतं आणि टिबुकली, हळदीकुंकू बदक, काठावरचा खंड्या रंगासकट दिसतात. पश्चिमेच्या काठावरून तेच पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या वाटतात. तासभर तरी द्या त्याला. तिथून ऊन चढायच्या आत नाल्याच्या कडेला लागा. जांभूळ, करंज, उंबर नाल्याकाठी हिरवे राहतात, दुपारची खरी सावली तिथेच. चढ पायवाटेने चढा आणि उतार गाडीरस्त्याने उतरा. सुट्या मुरमावरून चढताना दम लागतो एवढंच, उतरताना मात्र गुडघ्यांची परीक्षा होते. थांबे धरून तासाला दोन-अडीच किलोमीटर धरा, जास्त नको.

डिसेंबरात दोन गोष्टींचा त्रास होतो, दोन्ही गवता-वेलींतल्या. एक कुसळ, म्हणजे गवताचं टोकदार बी. त्याची पीळदार शेपटी दवाने ओली झाली की पीळ सोडत फिरते आणि टोक मोज्यातून आत घुसत जातं. ओढून काढायला गेलात तर टोक तुटून आतच राहतं. लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट घोट्यापर्यंत हवी. दुसरी खाजकुइरी. वाटेवर लोंबणाऱ्या तपकिरी मखमली शेंगा दिसल्या की हात लावू नका, आणि वारा असेल तर त्यांच्या खालून जाऊही नका. बाह्या पूर्ण ठेवा. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको.

पाणी माणशी तीन लिटर घरूनच न्या, नाल्याच्या भरवशावर राहू नका. खायला धपाटे उत्तम, दिवसभर टिकतात, हात बरबटत नाहीत.

फक्त पक्ष्यांचीच ओढ असेल तर पैठणचा नाथसागर गाठा. जायकवाडीच्या त्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहितसुद्धा (फ्लेमिंगो) येतात, पण जंगल नाही, आणि काठाने लूप जमणं अवघड. पाणी हटलं की लोक त्या जमिनीवर गाळपेर करतात. तुम्हाला मोकळा काठ वाटतो तो कुणाचातरी हरभरा असतो. बांधावरून चाला, विचारून चाला. ओल्या भागात ती चिकण काळी माती बुटाला थरावर थर चढते आणि किलोमीटरभरात पाय जड होतात.

जाण्याआधी पायांचा अंदाज घ्यायला तुमच्या जवळचं येडशीचं रामलिंग आहेच. मोठं पाणी नाही तिथे, पण दरीत उतरून परत चढताना सोबतच्या मोठ्यांचे गुडघे काय म्हणतात ते कळेल. तिथे कुणी कुरकुरलं तर गौताळ्यात फक्त तलाव आणि नाल्याचा तुकडा घ्या, उरलेलं गाडीने. आणि दुपारी दोनपर्यंत अर्धी वाट संपली नसेल तर लूपचा हट्ट सोडून जवळच्या गाडीरस्त्याला लागायचं, हे चौघांनी निघतानाच ठरवून घ्या.