पुरुषांच्या दोरी-सरावाला, म्हणजे संमतीने एकमेकांना दोरीने बांधायच्या सरावाला, पहिल्यांदाच जातोय. बांधून घ्यावंच लागतं का?

नाही. नुसतं बघत बसलात तरी चालतं, स्वतःच्याच पायावर गाठी शिकता येतात. कुणी विचारलं तर 'आज नको' एवढं पुरे. त्यावर कारण मागत बसणारा दिसला तर त्याच्यापासून लांबच राहा.

बांधून घ्यायचं ठरलंच, तर आधी बोलून घ्या: हात कुठे लागलेला चालेल, जुनी दुखापत आहे का, थांबायचा शब्द कोणता. हो म्हटल्यावरही मध्येच नाही म्हणता येतं, आणि मग दोरी ताबडतोब सुटली पाहिजे.

आपल्या पुरुषांची दातओठ खाऊन सहन करायची खोड मात्र इथे महागात पडते. दंडाच्या बाहेरच्या बाजूने रेडियल नर्व्ह (हाताचा एक मज्जातंतू) जाते. ती दाबली गेली तर मनगट वर उचलता येत नाही, आणि बरं व्हायला कधीकधी कित्येक आठवडे जातात. म्हणून बांधलेलं असताना अधूनमधून मनगट वर उचलून बघा. मुंग्या, बधिरपणा जाणवला की लगेच सांगा. 'होईल ठीक' म्हणून गप्प बसू नका.

बाकी साधं आहे: गळ्याला दोरी नाही, दारू पिऊन नाही, बांधलेल्याला एकटं सोडायचं नाही, बोथट टोकाची कात्री हाताशी. दोरी साधारण 6 मिमी जाडीची, तागाची चालते.