'ट्रेल्स' मालिका थेट 'कोल्ड स्टील'पासून सुरू केली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की निहॉन फाल्कॉम या जपानी कंपनीची 'ट्रेल्स' ही व्हिडिओ गेमची मालिका खेळायची आहे, पण भाग फार आहेत, सुरुवातीचे भाग जुनाट दिसतात आणि त्यांत वाचायलाच खूप आहे. मग ते सोडून 'कोल्ड स्टील' या नंतरच्या भागांपासून सुरुवात केली आणि मागची गोष्ट यूट्यूबवर तासाभरात बघून घेतली, तर चालेल का?

नाही चालणार. 'ट्रेल्स इन द स्काय' या पहिल्या भागापासूनच सुरू करा. यावरून आमच्या घरात एकदा चांगलं वाजलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१६ च्या पावसाळ्यात आजी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती घरी आली. मामी शाळेत शिकवते, मामा दुकानावर. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा झालेली आणि नोकरीचं पत्र यायचं होतं, म्हणून कराडला आजीजवळ थांबायला मी गेलो. दिवसभर घरात आम्ही दोघंच. बाहेर पाऊस, टीव्ही पुढच्या खोलीत आणि आजीला तिथवर जाता येत नव्हतं. माझ्याकडे कॉलेजचा लॅपटॉप होता, ग्राफिक्स कार्ड नसलेला. त्यावर धड चालेल असा गेम म्हणजे 'ट्रेल्स इन द स्काय'. मुळात तो २००४ साली विंडोजसाठी आलेला, त्यामुळे माझ्या लॅपटॉपला काहीच जड गेला नाही.

दोन दिवस आजी नुसती बघत होती. मग म्हणाली, "एवढं काय वाचतोयस रे?" मी सांगायला लागलो. लिबर्ल नावाचं छोटं राज्य आहे, दहा वर्षांपूर्वी शेजारच्या एरेबोनियाच्या साम्राज्याने त्याच्यावर हल्ला केला होता. रोलेंट गावात एस्टेल नावाची मुलगी राहते, तिच्या वडिलांनी एका रात्री जोशुआ नावाचा जखमी मुलगा घरी आणला आणि दोघं एकत्र वाढले. आता दोघांना ब्रेसर व्हायचंय, म्हणजे लोकांच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या संघटनेत दाखल व्हायचंय. त्यासाठी विमानात न बसता पायी राज्यभर फिरून प्रत्येक शहरातल्या शाखेची शिफारस मिळवायची. एस्टेल काठीने लढते, तर आजीने तिचं नावच काठीवाली ठेवलं. रोज चहा झाला की विचारायची, "कुठवर आली काठीवाली?" मग मी इंग्रजी वाचायचो आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचो.

रुआन शहराच्या भागात एक अनाथाश्रम येतो. थेरेसा नावाची बाई चार मुलांना सांभाळत असते. एका रात्री आश्रमाला आग लागते, लावलेलीच असते, आणि सगळ्यांना मनोरिया गावातल्या खानावळीत आसरा घ्यावा लागतो. आजी स्वतः चुलत्यांच्या घरी वाढलेली. तिने मला पुढे जाऊच दिलं नाही. "आधी त्या बाईला भेटून ये. पोरं जेवली का विचार." मी परत गेलो, आणि खरंच सगळ्यांचं बोलणं बदललेलं होतं. फाल्कॉमची खासियत हीच. गोष्ट एक पाऊल पुढे सरकली की गावातली माणसं नवं काहीतरी बोलतात: दुकानदार, शेतकरी, बंदरावरचे हमाल, सगळे. बहुतेक कंपन्या असल्या पात्रांना एकदा दोन वाक्यं देतात आणि विसरतात. इथे मात्र ज्याच्याशी बोलायची तुमच्यावर काही सक्ती नाही, त्याच्यासाठीही कोणीतरी बसून लिहिलेलं आहे.

पुढे आश्रमासाठी पैसे उभे करायला शाळेच्या उत्सवात नाटक होतं. त्यात मुली सरदार होतात आणि जोशुआ राजकन्या होतो. मला वाटलं हे आजीला समजावून सांगावं लागेल. ती म्हणाली, "त्यात काय, आमच्याकडे बालगंधर्व होते की." जमलेली देणगी थेरेसाबाईंना मिळते आणि परतीच्या वाटेवर त्यांना गाठून कोणीतरी ती लुटतं. त्या प्रसंगाला आजी इतकी चिडली की पलंगाची कड धरून स्वतःच्या ताकदीने उठून बसली. फिजिओथेरपीला येणाऱ्या ताई तिला आठवडाभर तेच करायला सांगत होत्या.

पुढच्या वर्षी 'कोल्ड स्टील' पीसीवर आला. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, तो घेतला आणि मागच्या भागांचा सारांश व्हिडिओत बघून टाकला. दिवाळीला सगळे कराडला जमलो होतो. फराळ चालू असताना दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी अंथरुणावर पडलेली आणि हा शेजारी बसून गेम खेळत होता." मी त्याला विचारलं, त्या आश्रमाचं काय झालं, सांग. त्याला आश्रम आठवेना. सारांशात त्यावर एखादंच वाक्य असणार. आजीने बसल्या जागेवरून त्याला सगळा प्रसंग सांगितला, आग कोणी लावली आणि का, तेसुद्धा. तरी दादाचं म्हणणं तेच राहिलं: गेम तो गेम, महत्त्वाच्या घटना कळल्या म्हणजे झालं. आजही घरी विषय निघाला की तो हेच म्हणतो. मला ते आजही पटत नाही. आजीच्या शेजारी मी त्या पावसाळ्यात जे केलं त्याचा मला अभिमान आहे.

आता तुमचं 'कोल्ड स्टील'. ती एरेबोनियाच्या लष्करी अकादमीतल्या मुलांची गोष्ट. याच एरेबोनियाच्या तोफांनी रोलेंटचा घड्याळाचा मनोरा पाडला होता आणि एस्टेलच्या घरातलं एक माणूस त्यात गेलं होतं. 'स्काय' खेळून आलात तर त्या गणवेशातल्या मुलांशी मैत्री करताना आत काहीतरी टोचत राहतं. थेट आलात तर ती फक्त शाळेतली मुलं असतात. मधला क्रॉसबेलचा भाग, 'ट्रेल्स फ्रॉम झिरो' आणि 'ट्रेल्स टु अझ्यूर', हाही तसाच. एरेबोनिया आणि कॅल्व्हार्ड या दोन बड्या देशांमध्ये चेपलेलं ते शहर आतून पाहिल्याशिवाय 'कोल्ड स्टील'चं राजकारण अर्धंच पोचतं. क्रम सरळ आहे: 'स्काय'चे तिन्ही, क्रॉसबेलचे दोन्ही, मग 'कोल्ड स्टील'चे चार.

कोणी म्हणेल, हे सगळं मुद्दाम ताणलेलं आहे. माझं मत उलट आहे. फाल्कॉम १९८१ साली मासायुकी काटो यांनी तोक्योजवळच्या ताचिकावात सुरू केली. १९८५ चा त्यांचा 'झानाडू' हा गेम जपानमध्ये पीसीवर चार लाखांच्या वर खपला, १९८७ मध्ये 'ईस' आला. त्या काळच्या कितीतरी कंपन्या एकमेकींत विलीन होऊन मोठ्या झाल्या. फाल्कॉममध्ये आजही शंभराच्या आतच माणसं आहेत. तोशिहिरो कोंदो विद्यार्थी असताना फाल्कॉमच्या गेमवर चाहत्यांसाठी संकेतस्थळ चालवत होते. १९९८ मध्ये ते तिथेच नोकरीला लागले आणि २००७ पासून अध्यक्ष आहेत. एवढ्याशा कंपनीने वीस वर्षांहून जास्त काळ एकच जग, एकच इतिहास, तीच माणसं धरून ठेवली आहेत. अशा कामाचा तासाभराचा सारांश बघून 'मला गोष्ट माहीत आहे' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दादाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. इंग्रजीत हे भाग क्रमाने आलेच नाहीत. भाषांतराचं काम एवढं प्रचंड होतं की 'स्काय'चा पहिला भाग २०११ मध्ये आला आणि दुसऱ्याला २०१५ उजाडलं. 'कोल्ड स्टील'ही त्याच वर्षी प्लेस्टेशनवर आला, आणि क्रॉसबेलचे भाग अधिकृतपणे थेट २०२२ आणि २०२३ मध्ये. त्यामुळे कितीतरी लोकांनी नाइलाजाने मधून सुरुवात केली आणि त्यांनाही मालिका आवडली. तुमच्यावर तो नाइलाज नाही. शिवाय पहिल्या भागाची पूर्ण नव्याने केलेली आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली आहे, त्यामुळे जुनाट दिसण्याची तक्रारही उरत नाही. फक्त तिला बऱ्यापैकी ताकदीचं मशीन लागतं.

परीक्षा तोंडावर असेल तर आत्ता सुरू करू नका. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, फाल्कॉमचीच 'ईस' मालिका घ्या, त्यात लढाई जास्त आणि बोलणं कमी. आणि पहिला भाग अगदी नको तिथे थांबतो, कारण दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे. दुसरा भाग हाताशी असल्याशिवाय पहिल्याचा शेवटचा अध्याय उघडू नका.