उपग्रह असताना पाण्यात यंत्रं कशाला?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलंत, की फ्रान्समधल्या ब्रेस्टला तुमचं काम म्हणजे ‘युरोपभरच्या समुद्राची मोजमापं जुळवणं’. उपग्रह असताना पाण्यात यंत्रं सोडायची कशाला? आणि जुळवणं म्हणजे नेमकं काय? – एक वाचक, मालगुंड

उत्तर : उपग्रहाला समुद्राचा वरचा थरच कळतो. शंभर मीटर खाली पाणी किती गार, किती खारट, हे पाण्यात उतरूनच मोजावं लागतं. आर्गो या जागतिक प्रकल्पाचा फ्लोट (आपोआप बुडणारं-तरंगणारं यंत्र) हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत बुडी मारतो आणि वर येताना मोजत येतो. जगभरात असे सुमारे 4000 आहेत. शिवाय बोया, भरतीमापक आणि माझा लाडका फेरीबॉक्स! वर प्रवासी कॉफी पीत असतात आणि खाली बोटीच्या पोटात समुद्राचं पाणी खेचून त्याची क्षारता नोंदली जात असते.

आता खरी गोम. सेंटिनल उपग्रहांमागे युरोपीय संघाचा पैसा आहे. संघाच्याच कोपर्निकस या पृथ्वीनिरीक्षण कार्यक्रमाची सागरी सेवा 2015 पासून फ्रान्समधल्या तुलूझहून मर्केटर ओशन ही संस्था चालवते. पाण्यातली यंत्रं मात्र बहुतेक ज्या त्या देशाच्या संस्थांची, विद्यापीठांची, बंदरांची. त्यांना हुकूम सोडता येत नाही, राजी करावं लागतं. 1994 पासून युरोगूस ही युरोपातल्या समुद्रनिरीक्षण संस्थांची संघटना हेच करते : बाल्टिकचा गट वेगळा, भूमध्याचा वेगळा, पण देवाणघेवाणीचे नियम जुळते. माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच. बाकीचं संगणक करतो.

तरी ‘बाकीचं’ही कमी नाही. आर्गोच्या फाइलीत वेळ 1 जानेवारी 1950 पासूनच्या दिवसांत मोजतात, तीही जागतिक वेळेनुसार. प्रत्येक आकड्याशेजारी गुणवत्तेचा शेरा असतो : 1 म्हणजे चांगला, 4 म्हणजे वाईट. फ्लोट जमिनीवर दिसतोय का, आकडा अचानक उसळलाय का, हे आपोआप तपासलं जातं. पण समुद्र ओळखीचा लागतो. किलोमागे 3 ग्रॅम मीठ बोथनियाच्या आखाताच्या उत्तरेला रोजचंच. तोच आकडा भर भूमध्यात आला, तर यंत्र बिघडलंय, कारण तिथे 38 च्या आसपास असतं. दोन्हीकडे एकच चाळणी लावली की खरं पाणी फेकलं जातं नाहीतर खोटं आत शिरतं.

वाईट ठरलेला आकडाही आम्ही पुसत नाही. संवेदकावर शेवाळ चढून क्षारता हळूहळू सरकलेली असू शकते. नंतर तज्ज्ञ दुरुस्ती करतात, आणि मूळ आकडा दुरुस्त आकड्याशेजारी राहतो.

प्रश्न : अरबी समुद्राचा डेटा मिळेल का? – त्याच वाचकांकडून

उत्तर : मिळेल, तोही फुकट. भारताच्या फ्लोटांचा डेटा हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती संस्था तपासते आणि तिथून तो आर्गोच्या दोन जागतिक केंद्रांत जातो : एक अमेरिकेत, दुसरं आमच्या ब्रेस्टला. मालगुंडच्या किनाऱ्यालगतचं मात्र त्यात शोधू नका, आर्गो खोल पाण्यातला गडी आहे. आणि फाइल उघडलीत की आधी शेऱ्यांचा रकाना बघा, आलेख मग काढा.