स्कॉटलंडमध्ये एकच हार्पवादक शास्त्रीय आणि पारंपरिक दोन्ही संगीतावर पोट भरू शकतो का?

हो, आणि फ्रीलान्स वादकाला दोन्ही यावंच लागतं. ऑर्केस्ट्रात हार्पच्या जागा एक, फार तर दोन. कायमची नोकरी क्वचितच मिळते. बाकीच्यांना दुसरी हार्प लागली की बोलावणं येतं. उरलेला महिना लग्नं, शिकवण्या आणि लोकसंगीताच्या मैफलींवर चालतो.

खरी कसोटी मात्र हातापायांची आहे. ऑर्केस्ट्रातल्या हार्पला 47 तारा आणि 7 पेडल; एक पेडल दाबलं की त्या स्वराच्या सगळ्या तारांचा सूर एकदम बदलतो. क्लारसाखला, म्हणजे स्कॉटलंडच्या पारंपरिक छोट्या हार्पला, पेडल नाहीत. प्रत्येक तारेला वर छोटी खटकी असते, ती वाजवता वाजवताच डाव्या हाताने फिरवायची. शिवाय पारंपरिक संगीतात धून कानाने उचलायची, कागद समोर नसतो. नोटेशनवर वाढलेल्या वादकाला हे फार जड जातं, पण माझ्या मते त्याचं वादन खुलतं ते यातूनच.

ग्लासगोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये दोन्ही परंपरा शिकता येतात. एडिंबरा गाठलंत तर तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयातली क्वीन मेरी हार्प जरूर पाहा. मध्ययुगापासून टिकलेली आहे ती!